माइकवरची नावे

कासारवाडीच्या कॉम्प्युटरवाल्याने मला फसवले. एडिटिंगचे सॉफ्टवेअर ओरिजिनल म्हणून चोरीचे घातले. तासभर घासाघीस करून मी बिलावर ‘ओरिजिनल’ हा शब्द त्याच्याच हाताने लिहून घेतला होता. तरी फसलो, याचा राग जास्त.

माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. मोशीच्या एका जुन्या घराण्यातल्या लग्नाचा व्हिडिओ द्यायला दोन दिवस उरले आणि अपडेट करताच सॉफ्टवेअरला कुलूप लागले. दुकानदार फोनवर म्हणाला, “राव, अपडेट कशाला केलं? सगळे हेच वापरतात.” मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर लातूरची एक ताई भाड्याने राहते. महाळुंग्याच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. तिने माझ्या मशीनवर लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकली आणि त्यावर एडिटिंगचे एक नावाजलेले सॉफ्टवेअर, तेही फुकटातले. चित्र झकास आले, पण आवाजच नाही. माझ्या कॅमेऱ्यातला आवाज त्या फुकटच्या आवृत्तीला वाचता येत नव्हता.

आमच्याकडच्या लग्नात अक्षतांआधी माइकवरून पाहुण्यांची नावे पुकारतात. अर्धा तास चालते. व्हिडिओत मंगलाष्टक कापले तर चालेल, पण एक नाव गळाले की भावकीत अबोला. माझी तर सगळीच गळालेली.

तेवढ्यात नवरीचे चुलते आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, “ह्यो नुसतं त्वांड का हलवतोय? आमच्या मामांचं नाव घेतलं का न्हाई?”

“घेतलंय, काका. आवाज शेवटी टाकतो आम्ही,” मी ठोकून दिले.

“कोथिंबिरीवानी व्हय?” म्हणत ते गेले.

मी ताईवरच भडकलो. ती शांतपणे म्हणाली, “भाऊ, लोकांनी मिळून बनवलेलं दुसरं एक आहे. साधं आहे, मधेच बंद पडतं. सारखं सेव्ह करत राहा.”

“फुकटात चांगलं कोण देतं?”

“विकतचं तरी कुठं चाललं?”

टाकले. आणि माइकवाल्याचा घोगरा आवाज खोलीभर घुमला. एरवी त्या नावांनी माझे डोके उठते. त्या दिवशी मी खुर्चीत मागे टेकून सगळी ऐकली. काम करताना ते दोनदा बंद पडले, पण नाव एकही गेले नाही. मामांचेही नाही. व्हिडिओ ठरल्या दिवशी पोचला.

आता सगळे काम त्यावरच करतो. रंग सुधारायला वेळ जास्त जातो, पण कुलपाची धास्ती गेली. झोप लागते.

त्या कॉम्प्युटरवाल्याचे बिल मात्र मी माझ्या स्टुडिओत टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. दुकानदारा, ये, माझ्या गिऱ्हाइकांसमोर ते मोठ्याने वाच आणि सांग: त्यावर ‘ओरिजिनल’ कशाला लिहिलेस?