बाळंतिणीच्या खोलीतली माती

खोली अर्धी सारवून झाली होती, तेवढ्यात नलिनीनं शेणाचा हात झटकला आणि ती उठून उभी राहिली. सारवलेल्या ओल्या भागातून औषधाचा भपका वर आला होता. कोरड्या भागात वास नावालाही नव्हता.

नलिनी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नणंद विजया बाळंतपणाला माहेरी यायची होती, म्हणून सासऱ्यांनी, रघुनाथरावांनी, या खोलीच्या मातीत वाळवीचं औषध ओतून घेतलं होतं. वास गेला की सारवायचं आणि बाज टाकायची, असं औषधाच्या दुकानदारानं सांगितलं होतं.

"मामाजी, विजयाताईंना इथं नाही ठेवायचं. पाणी लागलं तसं मातीनं औषध पुन्हा हवेत सोडलं."

"दुकानदार खोटा, मी खोटा, अन् तूच खरी? सासऱ्याले शिकवून राहिली!"

"देवानं नाक काही नथीपुरतं दिलं नाही."

सासूबाई, देवकाबाई, "अगं बाई!" म्हणत पदराआड हसल्या.

नलिनीनं मग त्या खोलीचाच छोटा नमुना मांडला. तीन गाडगी घेतली. दोन गाडग्यांत खोलीतली माती, एकात कोरडी, एकात भिजवलेली. तिसऱ्यात परसातली साधी माती, तीही भिजवलेली. गोठ्यातल्या माश्या आत सोडून तोंडाला पातळ फडकं बांधलं. दिवस कलला तेव्हा खोलीच्या ओल्या मातीतल्या माश्या उताण्या पडल्या होत्या. कोरड्या मातीतल्या मंदावल्या होत्या. परसातल्या मातीवरच्या खुशाल गुणगुणत होत्या.

रघुनाथरावांनी तिन्ही गाडग्यांत डोकावून पाहिलं. "माश्याच मेल्या ना? माणूस का माशी हाय?"

"नाही. पण बाळंतीण अन् तिचं बाळ चोवीस तास त्याच जमिनीजवळ निजणार. रोज शेक, रोज न्हाणं, रोज ओल. या खोलीला मी कडी लावून राहिली."

"मग निजवशील कुठं?"

"तुमच्या बैठकीत. तिथं फरशी आहे."

"बैठकीत बाळंतीण? संत्र्याचे व्यापारी येतेत तिथं! लोक काय म्हणतील?"

बैठक पुरुषांची; देवकाबाईंनी जन्मात तिचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या उठल्या, सरळ आत गेल्या आणि गादी-लोड ओढून ओसरीवर आणून टाकले. "लोकायले म्हना, बसा इथं. लेक माही आहे."

रघुनाथराव पानाचा डबा उचलून, कोणाकडे न बघता बाहेर निघून गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

दोघींनी बाज बैठकीत नेली. तिची नवार पार सैल झाली होती. नलिनीनं हात धुतले, पदर खोचला आणि ती नवार आणायला बाजारात निघाली.