डॉक्टर वरडंल म्हणून

माझी आत्या डॉक्टरच्या वरडण्याला घाबरून मेली.

आज वर्ष झालं. गोड गोड लिहिणार नाय, आधीच सांगते.

पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली. कल्याणच्या हॉस्पिटलनं घरी सोडताना रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली, पोटावर टोचायची. वहिनी, म्हणजे आत्याची सून, रोज टोचायची.

आत्या वर हसायची. "माज्या पोटाची गोधडी केलीस गो!"

मग झोपून झोपून कंबर धरली.

आमच्याकडे कंबर धरली की माणूस नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातो आणि सुई मारून येतो. गोळीनं कुणाचं समाधान होत नाय.

आता हा डॉक्टर. दुसऱ्याची चिठ्ठी दिसली की पिसाळतो. "तिकडंच जायचं ना! इथं कशाला तडमडलात?" भरल्या दवाखान्यात, म्हाताऱ्या माणसांना.

म्हणून सगळ्यांचा एकच नियम. याच्यासमोर दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढायचं नाय.

आत्यानं दारातच वहिनीला दटावलं, "पोटातल्या सुयांचं बोलू नको गो. वरडंल तो."

वहिनीनं कल्याणची चिठ्ठी पिशवीत खाली सारली.

त्यानं विचारलंसुद्धा नाय. कमरेखाली सुई मारली आणि म्हणाला, "नेक्स्ट!"

दुसऱ्या दिवशी तिथं हा एवढा फुगा, काळानिळा. सगळे म्हणाले, सुई पिकली. मिठाच्या पुरचुंडीनं शेकत बसलो. पातळ झालेलं रक्त आत वाहतंय हे कुणाच्या डोक्यात येणार?

संध्याकाळी आत्या पांढरीफटक पडली. गाडीत घालून कल्याणला निघालो.

वाटेतच गेली.

आणि हा माणूस वहिनीला काय म्हणाला? "मला सांगायला नको? अडाणी लोक!"

शी! किळस येते. माणसानं तोंड उघडलं की खेकसायचं, आणि वर विचारायचं का नाय बोललात!

दहाव्याला आमचेच लोक म्हणे, "हात गुणाचा आहे हो त्याचा, हिचंच भरलं होतं." थू तुमच्या गुणावर!

परवा शेजारची काकू कंबरेला सुईच हवी म्हणून ऐकेना, तेव्हा तिच्यासोबत त्याच दवाखान्यात गेले. तिला हार्टसाठी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. दारात माझा हात दाबून म्हणाली, "गोळ्यांचं काढू नको गो. वरडंल."

मी आत गेले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं.

तो वरडला. लय वरडला.

पण भरलेली सुई खाली ठेवली.

एवढंच सांगायला हवं होतं त्या दिवशी गो आत्या.

राग काय जात नाय. तू मात्र शांत झोप. भरल्या डोळ्यांनी तुला श्रद्धांजली.