राह्यले मिस्तरी

राह्यले मिस्तरींचं आडनाव राह्यले नव्हतं. ते अकोल्याचे, आणि त्यांचं खरं आडनाव आमच्या कारखान्यात कुणालाच आठवत नसे. कुठल्याही कामाची चौकशी केली की ते म्हणत, "होऊन राह्यलं जी." घासून राह्यलो, बसवून राह्यलो, तपासून राह्यलो. पुण्याकडच्या मंडळींना या 'राह्यलं'ची मोठी गंमत वाटे. एकदा एका नव्या कारकुनाने सुट्टीची चिठ्ठी 'श्री. राह्यले' या नावाने काढली. मिस्तरींनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि रीतसर सुट्टीवर गेले. तेव्हापासून ते नाव त्यांना चिकटलं.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. 'होऊन राह्यलं' म्हणजे झालं असं नव्हे. होत आहे, चालू आहे, अजून पुरं व्हायचंय. मिस्तरी हा शब्द फार जपून वापरत. शेवटचा हात फिरेपर्यंत 'होऊन राह्यलं', आणि मग एकदाच, हात पुसत, 'झालं'. त्यांनी झालं म्हटलेलं काम आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, पुन्हा कुणी तपासत नसे. मी अमरावतीचा. मला हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरी एकदा, जिथे सांगायला हवं होतं तिथे, मी ते मला ठाऊक नाही असं म्हणालो. ते कसं घडलं ते लिहायला मला अठ्ठ्याहत्तरावं वर्ष उजाडलं.

आम्ही तोफेचं मागचं दार करत होतो. मी आरेखन विभागात, मिस्तरी शॉपमध्ये फिटर. पूर्वी तोफ तोंडाकडून भरत, आता मागून भरतात. त्यामुळे नळीला मागे असं दार लागतं, जे झटकन उघडेल, झटकन लागेल आणि बार उडताना आतला वायू कणभरही बाहेर सोडणार नाही. बरणीच्या झाकणाला असतात तसे आटे दिले तर दार घट्ट बसतं, पण लढाईत आठ-दहा वेढे फिरवत बसायला सवड नसते. म्हणून दाराच्या आणि नळीच्या आट्यांमधल्या उभ्या पट्ट्या आलटून पालटून कापून टाकतात. कापलेल्या वाटेने दार सरळ आत जातं, मग थोडंसं फिरवलं की आट्यांत आटे अडकतात. धोका असतो तो मधल्या अवस्थेचा. आत गेलेलं पण पुरतं न फिरलेलं दार लांबून लागल्यासारखंच दिसतं.

मिस्तरींचा सगळा भरवसा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. मापं घेऊन झाली की डोळे मिटून आट्यांवरून बोट फिरवायचे. मी एकदा म्हटलं, गेज तर बरोबर दाखवतोय. म्हणाले, "गेज पास करते साहेब, बोट समजून घेते." एकदा माझ्याच नकाशात चूक निघाली. दार फिरवायच्या दांड्याच्या खाचेचं माप मी उलट्या बाजूने धरलं होतं. ते विभागप्रमुखांसमोर बोलले असते तर माझी शोभा झाली असती. मिस्तरी टेबलाशी आले, इकडचं तिकडचं बोलले आणि मला चहाला बाहेर घेऊन गेले. टपरीवर अर्धा चहा झाल्यावर म्हणाले, "तुमच्या कागदानं दार लागते बरोबर. उघडतच नाही फक्त." आणि खांदे हलवत हसायला लागले. मी नकाशा दुरुस्त केला. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही.

दिवाळीला आम्ही एकाच गाडीने गावी जात असू. ते अकोल्याला उतरत, मी पुढे मूर्तिजापूर ओलांडून बडनेऱ्याला. डब्यात त्यांच्याकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा असे, आणि माझ्या सुशिक्षित शिदोरीकडे ते दयेने बघत. भुसावळपर्यंत मी माझ्या कमावलेल्या पुणेरी मराठीत बोले. गाडीने भुसावळ सोडलं की मिस्तरी पाय वर घेत आणि म्हणत, "भुसावळ गेलं जी. आता बोला मोकळं." मग मीही 'मले' आणि 'तुमाले' बोलू लागे. आई कशी आहे, काकाचं काहून बिनसलं, सगळं त्या बोलीत. परतीच्या वाटेवर भुसावळ आलं की मी पुन्हा जीभ आवरून घेई. मिस्तरी ते पाहत आणि खिडकीबाहेर बघत.

मी असा का वागत असे? नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका बैठकीत 'मले वाटते' म्हणालो होतो. सगळे हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता, पण माझे कान तापले. त्यानंतर घरी आरशासमोर उभं राहून मी स्वतःची भाषा घासली. वडील नोकरीनिमित्त अमरावतीत होते, आम्ही मूळचे इकडचेच, असंही सांगू लागलो. आमच्या सात पिढ्या नांदगाव खंडेश्वरच्या काळ्या मातीत गेल्या होत्या.

दाराचा नवा नमुना तयार होत होता तेव्हा मिस्तरी एक सूचना घेऊन आले. त्यांनी ती सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर काढून आणली होती. दार शेवटच्या रेषेपर्यंत फिरेपर्यंत बार उडवणाऱ्या टाचणीच्या वाटेत एक अडसर राहील, आणि दार पुरतं बसलं की तो आपोआप बाजूला सरेल. "दार पुरं लागल्याबिगर घोडा पडलाच नाही पायजे," ते म्हणाले. "मानूस चुकन, साहेब. लोखंडानं चुकू नये." कल्पना अचूक होती. पण माझे नकाशे मंजूर झाले होते आणि बदल सुचवणं म्हणजे आधी विसरलो होतो हे कबूल करणं. दार लागल्याची खात्री तोफ डागणारा करतोच, नियमात तसं आहे, असं मी म्हणालो. त्यांनी पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले.

पहिली चाचणी एका थंड सकाळी झाली. गोळा नव्हता, दारूही नाममात्र. नेहमीची रीत अशी, की दार लावणाऱ्याने 'लागलं' असं फोनवर सांगायचं, भिंतीआड यायचं आणि मग बार. त्या दिवशी वरचे लोक येणार होते, घाई होती. म्हणून मिस्तरींनी तिथेच जाड पत्र्याच्या आड थांबून लांब दांड्याने दार फिरवावं असं ठरलं. मी नियंत्रण खोलीत चाचणी अधिकाऱ्याच्या शेजारी उभा होतो. तिथून तोफ दिसत नव्हती. थंडीने वंगण घट्ट झालं होतं, दार जड फिरत असणार. अधिकाऱ्याने विचारलं, "दार लागलं का?" फोनच्या भोंग्यातून मिस्तरींचा आवाज आला, "लागून राह्यलं."

अधिकाऱ्याने बटण दाबलं.

मला अर्थ कळला होता. माझं तोंड उघडलं तोवर आवाज झाला होता. त्या क्षणासाठी मी स्वतःला दोष देत नाही, तेवढा वेळच नव्हता. अर्धवट अडकलेलं दार मागे उसळलं, दांडा उलटा फिरला आणि मिस्तरींच्या उजव्या हाताची दोन बोटं पत्र्यात चिरडली. पहिलं आणि मधलं.

चौकशी समितीत तिघे होते, तिघेही बाहेरचे. मिस्तरींखेरीज शॉपमधल्या कुणाला बोलावलं नाही, आरेखक म्हणून मला मात्र बोलावलं होतं. मिस्तरी हात गळ्यात बांधून उभे होते. त्यांना बसायलाही कुणी सांगितलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, दार लागलं असं तुम्ही सांगितलंत ना?

"नाही जी. लागून राह्यलं म्हनलो."

"म्हणजे लागलं आणि तसंच राहिलं. हेच ना?"

"तसं नाही साहेब. लागून राह्यलं."

एक सदस्य हसले. अध्यक्ष वैतागले होते, पण माणूस न्यायी होता. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही अमरावतीला वाढलात ना? तिकडे याचा काही वेगळा अर्थ होतो का?

मी 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. दार लागलंच नव्हतं तर बार उडालाच कसा? तो प्रश्न माझ्या नकाशाकडे आला असता, आणि नकाशाखालच्या त्या पुठ्ठ्याकडे. हे सगळं मला त्या एका क्षणात स्पष्ट दिसलं. मी म्हणालो, "माझ्या माहितीत तरी नाही. आमच्या घरी ही बोली नव्हती."

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. साहेब गाडीत माझ्याशी कसे बोलतात, हे त्यांना सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्यांनी फक्त मान खाली घातली; खाली जायला हवी होती ती माझी.

त्यांच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा गेला. असा निष्काळजीपणा पुन्हा घडू नये म्हणून दाराला अडसर बसवावा, अशी शिफारस समितीने केली. मी तो बसवला. पुठ्ठ्यावर होता तसाच्या तसा. नकाशाच्या कोपऱ्यात आरेखकाच्या जागी माझी सही आहे. त्या कामाबद्दल माझं कौतुक झालं आणि वर्षभरात बढतीही मिळाली. भाषणात मी सहकाऱ्यांचे आभार मानले. नाव कुणाचं घेतलं नाही.

मिस्तरींना भांडारात बसवलं. एकदा मी सामानाची चिठ्ठी घेऊन गेलो तर ते म्हणाले, "देत आहे. दोन मिनिटे थांबावे." मला वाटलं टोमणा आहे. पण ते सगळ्यांशीच तसं बोलत होते, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द मोजून. शॉपमधली माणसं मुद्दाम विचारत, काय राह्यले, काम कुठवर आलं? ते उत्तर देत, "काम चालू आहे." मग लोकांचीही गंमत संपली. काही महिन्यांनी ते मुदतीआधी निवृत्त होऊन अकोल्याला गेले. निरोपाला मी गेलो नाही. त्या दिवशी मी मुद्दाम बाहेरगावचं काम काढलं होतं.

निवृत्तीनंतर मी अमरावतीला येऊन राहिलो. अकोला दोन तासांवर, तरी तिथे जायला मला सोळा वर्षं लागली. मागच्या हिवाळ्यात गेलो. दार वहिनींनी उघडलं. मिस्तरी आत पलंगावर बसले होते, अंगाने अर्धे झालेले. मला पाहून म्हणाले, "या. बसा. प्रवास कसा झाला?"

वऱ्हाडातल्या घरात, वऱ्हाडातल्या माणसाकडून ही भाषा ऐकून मला बसवेना. पाणी आणताना वहिनी म्हणाल्या, "असेच बोलते जी घरात. पोरं लहान होते तवा हासत, म्हनत बाबा बातम्या देऊन राह्यले. भाजीवालीसंगही असंच. तिले वाटे हा मानूस परगावचा आहे." मग थांबून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी इचारलं होतं एकदा, काहून असं. तं म्हने, अमरावतीच्या साहेबाले आपली बोली वळखू आली नाही. मंग ते बोलून काय करतं."

मी खूप तयारी करून गेलो होतो. ती सगळी बाजूला राहिली. मी म्हणालो, "मिस्तरी, मले वळखू आली होती. मी खोटं बोल्लो. तुमी बरोबर बोल्ले होते." आणि कारणही सांगितलं, पुठ्ठ्यासकट.

मला वाटलं होतं, आता ते रागावतील, निदान शिवी देतील, आणि ती आपल्या बोलीत असेल. तसं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, "तो अडसर चालला का?" मी म्हटलं, आजवर एकही अपघात नाही. "चांगले आहे," ते म्हणाले.

मग मी पत्र काढलं. कारखान्याच्या कार्यालयाला लिहिलेलं, शेरा काढावा आणि अडसराची कल्पना कुणाची ते नोंदवावं, असं. पोस्टात टाकण्यापूर्वी त्यांना दाखवायला आणलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि डाव्या हाताचं बोट ओळीखाली धरून सावकाश वाचू लागले. मध्येच थांबले.

"हे वाक्य वाचून दाखवा."

मी वाचलं, "चौकशी समितीपुढे माझ्याकडून अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली." या वाक्यावर मी दोन दिवस घालवले होते.

"कोणी दिली?"

"मी."

"अनवधानाने?"

वहिनी दाराशी उभ्या होत्या. मी नाही म्हणालो.

"मग जे खरे आहे ते लिहा."

मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'मी समितीपुढे जाणूनबुजून खोटं बोललो.' अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि पाकिटात घालून माझ्या हाती दिलं. पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच आहे, असं म्हणाले. मी म्हटलं, अमरावतीला गेल्यावर टाकतो. त्यांनी काठी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आले. पाकीट पेटीत पडेपर्यंत तिथे उभे राहिले, मग घराकडे वळले.