रोज आजच आलेली सिस्टर

बाबांना विस्मरणाचा आजार झाला आणि ते मला विसरले. दर शनिवारी मी त्यांच्या वृद्धाश्रमात जायची आणि विचारायची, "बाबा, मी कोण? सांगा ना." ते अपराध्यासारखी मान खाली घालायचे.

त्यांची देखभाल एक सिस्टर करायच्या. पांढरी साडी, गळ्यात क्रॉस, पायात रबरी चपला. सकाळची प्रार्थना आटोपून त्या दारावर टकटक करायच्या आणि ओले हात पदराला पुसून जोडायच्या. "नमस्कार, मी आजच आले."

बाबा लगेच ताठ बसायचे. "जेवण साडेबाराला. उशीर केलात तर गार मिळेल."

सिस्टर गंभीरपणे मान डोलवायच्या. त्या तिथे नऊ वर्षं होत्या.

एकदा धीर करून मी विचारलं, "सिस्टर, हे खोटं नाही का?"

चादर घालता घालता त्या म्हणाल्या, "त्यांच्यासाठी मी आजच आलेली असते. ओळख विचारून रोज त्यांना नापास कशाला करायचं?"

पुढच्या शनिवारी मी दारावर टकटक केली. "नमस्कार, मी आजच आले."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं, पलंगावर सरकून जागा केली.

"बसा. घाबरू नका, इथली माणसं सांभाळून घेतात."