विनायककाकांचा सत्कार

विनायककाका चहा उभ्यानेच प्यायचे. एका हातात कप, दुसऱ्या हातात मोटारीची किल्ली आणि एक पाय कायम उंबऱ्याबाहेर. "बसाले म्हातारपन पडलं हाय ना," म्हणायचे आणि आपण काही बोलेपर्यंत फाटकापाशी पोचलेले असायचे. तेव्हा त्यांची साठी कधीच उलटून गेली होती.

वणीत त्यांचं घर आमच्या शेजारी. कापसाच्या जिनिंगचा कारभार मुलीकडे सोपवून या गृहस्थाने दोन माणसांचं एक जुनं विमान विकत घेतलं. लोक त्या वयात तीर्थयात्रा करतात. यांनी विमान घेतलं! रीतसर शिकून परवानाही काढला. यवतमाळच्या धावपट्टीवर ते ताडपत्रीखाली उभं असायचं आणि ते नुसतं उभं आहे या विचाराने काका इकडे तळमळत असायचे. त्यांच्या सहवासात आपल्यालाही उगाच उशीर झाल्यासारखं वाटे. मला त्याचा राग यायचा आणि त्यांची हाक आली की मी मुकाट्याने चपला घालायचो.

त्या दिवशीही घातल्या आणि आम्ही मोटारीने यवतमाळ गाठलं. आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला होता. उडण्याआधी टाकीच्या तळाची तोटी उघडून थोडं पेट्रोल बाटलीत घ्यायचं, त्यात पाणी उतरलेलं नाही ना ते बघायचं, असा काकांचा नेहमीचा क्रम. पण आभाळ पुन्हा भरून येत होतं. "आभाळ थांबते का आपल्यासाठी? चाल ना बे!" म्हणत त्यांनी मला विमानात कोंबलं. बाटली पिशवीतच राहिली.

राळेगावच्या शिवारावर आलो आणि इंजिन खोकायला लागलं. मग त्याचा जोरच गेला. पंखा फिरत होता, पण आम्ही खाली खाली चाललो होतो. समोर सोयाबीन कापून मोकळं झालेलं वावर होतं, उतरायला अगदी सोयीचं. काकांनी तिकडे रोख धरला. जवळ आल्यावर वावरात सोयाबीनची गंजी दिसली आणि गंजीच्या सावलीत भाकर खात बसलेल्या मजूर बाया. "बाया हाय रे," एवढंच काका बोलले आणि त्यांनी विमान वळवून शेजारच्या उभ्या पऱ्हाटीत घातलं. कपाशीमधल्या तुरीच्या ओळी मोडत आम्ही गेलो, एक पंख पळसाला अडकून तुटला. माझा हात मोडला. काकांचा उजवा पाय जन्माचा अधू झाला. त्याच बायांनी आम्हाला ओढून बाहेर काढलं.

काका काठी घेऊन चालू लागल्यावर त्या बायांच्या गावाने त्यांचा सत्कार ठरवला. पहिल्यांदा ते साफ नाही म्हणाले, मग अचानक तयार झाले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मंडप भरला होता. सरपंच शाल घेऊन पुढे आले, तेवढ्यात काकांनी माइक ओढून घेतला.

"मी कोनाले वाचवलं नाही. टाकीत पानी होतं. मी पाह्यलं नाही, घाई केली. हे मरन तुमच्या डोक्यावर मीच आनलं होतं."

खरं सांगतो, विमानात वाटली नाही इतकी भीती मला तिथे वाटली. लोक उलटले असते तर?

पुढच्या रांगेतून लक्ष्मीबाई उठल्या. त्या दिवशी गंजीच्या सावलीत बसलेल्यांपैकीच त्या एक.

"चूक तुमचीच हाय. माही गरोदर सून बसली होती तिथं. मले आता लय राग येऊन राह्यला तुमचा." त्यांनी डोळे पुसले. "पन भाऊ, तुमी वळले म्हनून तं राग कराले मी हाय ना!"

काकांनी नारळ घेतला, शाल घेतली नाही.

त्यानंतर त्यांनी विमानाचं नाव काढलं नाही. पण लोक त्या वळण्याचं कौतुक करायचे आणि काका उठून अंगणात पाय ओढत फेऱ्या मारत सुटायचे. ते गेले त्याच्या थोडे दिवस आधी मीही बोलून गेलो, "काका, ऐन वेळी वळलात म्हणून निभावलं."

ते फेरी मारता मारता थांबले.

"वळाले जागा होती म्हनून वळलो. दर बारीले जागा राहते का रे?"