भैयाजी माईकवाल्याचं फडकं

चिमूरच्या भैयाजीला माणसांची किळस नव्हती, माणसांच्या तोंडांची होती. ज्याचं पोट माईक-भोंगा भाड्यानं देण्यावर चालतं त्यानं असं म्हणू नये, पण त्याचा इलाज नव्हता. सभेत जो उठे तो आधी माईकवर फू फू करी, मग टिचक्या मारी, मग तंबाखू गालात सरकवून ‘बंधू-भगिनींनो’ म्हणताना जाळीवर असा सडा टाकी की भैयाजी तोंड फिरवून घेई. त्यासाठी त्याच्या खांद्यावर कायम एक फडकं असे. वक्ता बसला की हा उठे, नाक मुरडून जाळी पुसे आणि पुटपुटे, “थू! भाषण देऊन राह्यले का आंघोळ घालून राह्यले!”

माईक त्याच्याजवळ दोन. एक नागपूरहून आणलेला, उभ्या दांडीवरचा, चकचकीत. समोर उभं राहून अगदी जवळ तोंड नेलं तरच त्याला ऐकू जाई. सराईत पुढाऱ्यांचा तो लाडका. दुसरी एक जुनी काळपट डबी. ती जमिनीवर ठेवली तरी आजूबाजूचं सगळं ओढून घेई, बायकांची कुजबुजसुद्धा, आणि मधूनच कर्कश शीळ घाली. ज्यांनी जन्मात माईक पाहिला नाही अशांच्या बैठकीत डबीच बरी, हे त्याला कळत होतं. पण चारचौघांत तिला बाहेर काढायची त्याला लाज वाटे.

छप्पन साली गडचिरोलीच्या पुढं, जंगलातल्या एका गावी त्याला बोलावणं आलं. गावाला लागून असलेली मोहाची झाडं तोडून तिथं साग लावायचा होता, आणि जंगलखात्याचा एक साहेब गावाची संमती घ्यायला जीपनं येणार होता. भैयाजी बैलबंडीत बॅटरी आणि भोंगा घालून पोचला, तर मांडवाखाली जेमतेम पंचवीस-तीस माणसं जमिनीवर बसलेली. एवढ्यांसाठी भोंगा? बेचाळीस साली इंग्रजांविरुद्ध अख्खं चिमूर पेटलं, तेव्हा कोणाच्या तोंडासमोर दांडी होती? पण भाडं कबूल झालं होतं. त्यानं चकचकीत माईक उभा केला.

साहेब पान चघळत बोलला, पोटभर बोलला. जाळी लाल झाली. शेवटी म्हणाला, “ज्याची हरकत असेल त्याने इथे उभं राहून सांगावं.”

कोणी उठेना. साहेबानं बोटानं खूण करून सुकरी नावाच्या बाईला उठवलं. तोडायच्या झाडांतली कितीतरी तिच्या घरची होती. त्यांची फुलं वेचूनच तिची चूल चालायची. ती माईकच्या अगदी जवळ मान खाली घालून उभी राहिली. भोंग्यातून फक्त तिचा धापा टाकणारा श्वास साऱ्या गावावर घुमला. साहेब आणि त्याच्याबरोबर आलेला फोटोवाला हसले. ती जाऊन बसली. भैयाजीला त्या हसण्याचीच शिसारी आली.

गावचं देवाचं बघणारे पोचूबाबा मधोमध बसले होते. भैयाजी त्यांच्यावरच खेकसला, “बाबा, उठा ना! तोंडात काय मूग धरून बसले?”

लालसू नावाच्या माणसाला थोडी मराठी येत होती. तो हळूच म्हणाला, “भाऊ, आमच्यात बोलणारा उठत नाई. म्हातारे खाली बसले असतानी उभा राह्यला, म्हंजे भांडून निघाला. बाबा बोलतीन, पण बसून बोलतीन.”

भैयाजी चरकला. आपण इथं दांडी रोवून बसलो! तो धावत बंडीकडं गेला, डबी काढली आणि पोचूबाबांसमोर पोत्यावर ठेवायला वाकला.

“ए माईकवाले! ती काळी डबी काय फोटोत घ्यायची? काढ ती,” साहेब ओरडला.

“साहेब, त्यायले खाली बसूनच—”

“काढ म्हटलं ना!”

त्यानं डबी उचलली. तेवढ्यात पोचूबाबांनी बोलायला सुरुवात केली, जमिनीकडं बघत, आपल्या बोलीत, हलक्या आवाजात. लालसू एकेक वाक्य मराठीत सांगू लागला. ही झाडं आमच्या घराघरांची आहेत. पेरलेला धान संपला की आम्ही मोहावर जगतो. झाडं तुटली तर सुकरीनं पोरांना काय घालावं? आम्ही झाडं देत नाही.

साहेबानं घड्याळ पाहिलं, माईक तोंडाशी घेतला आणि साऱ्या रानाला ऐकवलं, “कोणाचीही हरकत नाही!”

“साहेब, ते बोलून राह्यले ना!” भैयाजी म्हणाला. “लालसू तर मराठीत सांगून राह्यला. तुमाले ऐकू नाई येत?”

“माईकवर कोण बोललं?” साहेब म्हणाला. त्या एका वाक्यावर सुकरीची झाडं गेली.

फोटो निघाला. साहेब जीपकडं वळला आणि म्हणाला, “चल, आवर. पुढच्या गावीही हाच लाव. पण आधी जाळी पूस, फार घाण झालीय.”

भैयाजी माईकजवळ आला. सवयीनं हात खांद्यावरच्या फडक्याकडं गेला. मागं पोचूबाबांचं बोलणं अजून चालूच होतं, लोक मान खाली घालून ऐकत होते. भैयाजीनं फडकं तसंच राहू दिलं. साहेबाच्या डोळ्यांदेखत त्यानं तोंडभर थुंकी गोळा केली आणि आपल्या त्या चकचकीत माईकवर थुंकला.