बाबांच्या बंदुकीचा नेम

बर्मिंगहॅमहून श्रॉपशरकडे निघालो त्या सकाळी इतकं धुकं होतं, की रस्ता आमच्यापुढे थोडा थोडा तयार होतोय असं वाटत होतं. मी गाडी चालवत होते. शेजारी बाबा, म्हणजे माझे सासरे, आणि मागे डिकीत, कुलूपबंद पेटीत, त्यांची शॉटगन.

बाबांनी आयुष्यात कधी शिकार केली नाही. रविवारी क्लबात जाऊन कागदावरच्या गोलावर नेम धरायचा, एवढाच त्यांचा नाद. गेल्या वर्षीपासून मात्र हात थरथरायला लागले होते. डॉक्टरांशी बोलून त्यांनी स्वतःच ठरवलं, की लायसन्स परत करायचं आणि बंदूक क्लबातल्या मैत्रिणीला द्यायची. तिचे पोलिसांकडचे पेपर्सही झाले होते.

"मग आज कशाला जायचं?" मी विचारलं होतं.

"अगं, नवीन दुर्बीण बसवलीय बंदुकीवर. नेम जुळवल्याशिवाय कशी देऊ?"

क्लबाची नेमबाजीची रेंज म्हणजे एक जुनी, बंद पडलेली दगडाची खाण. मैत्रीण आधीच येऊन थांबली होती. निवृत्त सुईण, उंच, पांढऱ्या केसांची. तिने मला कानांवर लावायचे डिफेंडर्स दिले. ते लावले आणि जग लांब गेलं. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

त्या बंदुकीत छर्रे घालत नाहीत. नळीला आतून पीळदार खाचा असतात आणि एकच जाड गोळी त्यातून गरगरत बाहेर पडते. माझं काम सोपं होतं: तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून बघायचं आणि भोक कुठे पडलं ते सांगायचं.

बाबांनी बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. दर वेळी आवाज कानांपेक्षा छातीतच जास्त जाणवला. भोकं तीन दिशांना. एक वर, एक उजवीकडे, एक पार कडेला. पुन्हा तीन. तशीच विखुरलेली.

बाबा हळूच म्हणाले, "बंदूक नाही चुकत. मी हलतोय."

ते उठले आणि मैत्रिणीला इंग्लिशमध्ये म्हणाले, "तू बस. मी बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवतो."

ती बसली. तेवढ्यात देखरेख करणारा रेंज ऑफिसर ओरडला, "सीझ फायर!" रेंजवरच्या सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करून खाली ठेवल्या. लक्ष्यांच्या मागून, धुक्यातून एक छोटं हरीण बाहेर आलं होतं. कुत्र्याएवढं असेल. आमच्या कागदाखाली उभं राहून निवांत गवत खाऊ लागलं. कुणीही हाकललं नाही. मी डिफेंडर्स काढले. खाणीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. दुर्बिणीतून त्याचा ओला कान हलताना दिसत होता, इतका जवळ की हात लावावा. आपण कुठे आहोत, कशाला आलोय, सगळं क्षणभर पुसून गेलं.

"बाबा, बघता?"

त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि ते तिथेच वाकून राहिले. हरीण गेल्यावरही.

मग मैत्रिणीने तीन गोळ्या झाडल्या. "तिन्ही जवळजवळ आहेत," मी म्हणाले, "पण खाली, डावीकडे."

"एकाच जागी चुकतायत ना? मग झालं," बाबा म्हणाले. "आता जुळवता येईल."

त्यांनी बंदुकीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू धरला. बोटं थरथरत होती, पण स्क्रू एकेका टिकटिकीनेच सरकायचा. थोडं वर, थोडं उजवीकडे. नळी निवेपर्यंत आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला. थोडा सांडला.

पुढच्या तीन गोळ्या मधल्या काळ्या गोलात गेल्या, एकमेकींना चिकटून. मी ओरडलेच. मैत्रिणीने उठून बाबांना मिठी मारली. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि ते म्हणाले, "नीट पुसून ठेवत जा. नळीत ओल राहू देऊ नकोस."

परत येताना धुकं विरलं होतं, ओल्या शेतांवर पिवळसर ऊन होतं. एरवी माझ्या गाडीत बाबा प्रत्येक वळणावर पायाने नसलेला ब्रेक दाबतात. त्या दिवशी मोटरवे लागायच्या आतच त्यांना झोप लागली.